मावशीचं वजन

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला, चहाचे कप अजून टेबलावरच असताना, मावशीचं वजन आणखी शंभर ग्रॅमने वाढलेलं निघालं आणि लेकीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मावशी म्हणजे मांजर. वाघाची मावशी म्हणून बाबांनी तिला हे नाव दिलं होतं आणि फोनवर 'मावशी झोपलीय, हळू बोलतो' असं सांगून सांगून अर्ध्या नातेवाइकांची अशी समजूत करून दिली होती की यांच्याकडे कुणीतरी म्हातारी कायमची राहायला आली आहे. ही म्हातारी वजनकाट्यावर एकटी बसायला तयार नसे. लेकीने उचललं तर ओरबाडायची, म्हणून दर रविवारी बाबा तिला छातीशी धरून काट्यावर उभे राहत. पायाखालचा आकडा त्यांना दिसत नसे, म्हणून लेक वाकून तो मोठ्यांदा वाचायची. मग मावशी खाली उतरायची, बाबा एकटे उभे राहायचे, पुन्हा आकडा, आणि मग वजाबाकी. "चौसष्ट दोन," ती आज म्हणाली. मावशी उडी मारून गेली. "अठ्ठावन्न तीन." वहीत दोन्ही आकडे लिहून तिने तिसऱ्या रकान्यात पाच पूर्णांक नऊ लिहिलं आणि त्याभोवती लाल पेनाने गोल काढला. तीन आठवड्यांपूर्वी पहिल्या रविवारी तिथे पाच पूर्णांक सहा होतं. "किती?" बाबांनी काट्यावरून उतरता उतरता विचारलं. "वाढलंय," ती म्हणाली. बाबा तिच्याकडे बघत राहिले, आणि मग "असं?" म्हणून आपल्या खुर्चीकडे गेले. ते 'असं' तिला आवडलं नाही. पण त्या सकाळी तिला काहीच आवडण्यासारखं नव्हतं.

कारण उद्या रक्त तपासायचं होतं. महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी मावशीचं पोट दाबून, कान उलटून, रक्ताचा कागद पुढे सरकवून सांगितलं होतं की साखर अगदी काठावर आहे. "धान्य पूर्ण बंद. मांस जास्त, प्रथिनं जास्त. महिनाभर बघू. उतरली तर उतरली, नाहीतर रोज दोन वेळा सुई. आणि सुई हिला सोसली नाही तर मग मी काही खोटी आशा दाखवणार नाही." एवढं बोलून बाईंनी मागच्या कपाटातून एक जाड चकचकीत पिशवी काढून टेबलावर ठेवली होती आणि किंमत सांगितली होती. तिला तिथेच हसू आलं होतं. दुखणं सांगणार बाई, खाणं विकणारही बाई, कुठेतरी पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? ती पिशवी न घेताच ती निघाली. बाहेर बाकावर बाबा मावशीची टोपली मांडीवर घेऊन बसले होते आणि झाकणाच्या फटीतून एक बोट आत घालून काहीतरी पुटपुटत होते. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा बाबा तीन महिने बोलले नव्हते, मुकाट खायचे, मुकाट भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मग एके दिवशी जिन्याखालून हे ओलं, घाणेरडं पिल्लू त्यांनी उचलून आणलं आणि त्याला दटावण्यासाठी म्हणून पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यानंतर तोंड बंद झालं नाही. तेव्हा मावशीला काही झालं तर बाबांचं काय होणार, हा हिशेब तिने त्या बाकासमोर उभ्या उभ्या केला होता आणि मनाशी ठरवलं होतं की हे मांजर जगवायचं, परवडेल अशा खाण्यावर जगवायचं, पण कुणाच्या थापांवर नाही.

थापा ती ओळखते असा तिचा लौकिक होता. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, तेही पुस्तकांची नाही तर लेबलांची: लोणी, साबण, खोकल्याचं औषध, जे जे डब्यात किंवा पिशवीत जातं त्याच्या अंगावरचा बारीक मजकूर. हाताखालचे लोक तिला भिंग म्हणायचे, आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही. ग्राहकाकडून आलेली मूळ प्रत डावीकडे, छापील नमुना उजवीकडे, आणि मधे ती. मजकूर खरा की खोटा हे बघणं तिचं काम नव्हतं, मूळ प्रतीशी जुळतो की नाही, एवढंच. पण पंधरा वर्षं हे करताना लेबल कसं लिहिलं जातं ते तिच्या अंगात मुरलं होतं. घटक वजनाच्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणून ओलं मांस पाण्यासकट तोलतात आणि यादीत पहिलं बसवतात. तांदूळ पुढे येऊ नये म्हणून त्याचे तीन तुकडे करतात: तांदळाचं पीठ, तांदळाचा कोंडा, मोडलेला तांदूळ, तिघेही गरीब होऊन तळाशी बसतात. आणि 'धान्यविरहित' असं टपोऱ्या अक्षरांत लिहिलं की आत वाटाणा, बटाटा आणि कसलातरी स्टार्च भरायला कंपनी मोकळी. मांजर वाटाण्याला धान्य म्हणत नाही, पण तिच्या रक्तातल्या साखरेला हा फरक कळतो का? हे विचारायला प्राण्यांच्या खाण्याच्या दुकानात कुणी नव्हतं. दुकानदार काउंटरमागे मोबाईल बघत होता आणि "हेच चालतं बघा सगळ्यात जास्त" यापलीकडे त्याचं ज्ञान जात नव्हतं. ती खाली बसून, एकेक पिशवी मांडीवर घेऊन, चष्मा कपाळावर सारून, नाक कागदाला लावून तासभर वाचत राहिली. येणारीजाणारी गिऱ्हाइकं तिला ओलांडून जात होती.

शेवटी मधल्या किमतीची, उडी मारणाऱ्या मांजराचं चित्र असलेली तीन किलोची पिशवी तिने घेतली, छत्तीस टक्के प्रथिनं म्हणून. घरी येऊन ती उघडली, आठवडाभर ग्रॅम ग्रॅम मोजून घातली, पिशवीवर आतल्या खाण्याच्या पातळीला रोज पेन्सिलीची रेघ मारली, आणि दुसऱ्या रविवारी पाच पूर्णांक सात. मग तिने पिशवी उलटी केली. तळाच्या शिवणीपाशी, जिथे कुणीही बघत नाही, तिथे एक बारीक आकड्यांची ओळ होती, आणि तिच्या शेवटी दोन गोष्टी: तिच्याच छापखान्याची खूण आणि तिचीच आद्याक्षरं. हे लेबल तिने पास केलं होतं. तो दिवसही तिला आठवला. 'उच्च' आणि 'प्रथिनयुक्त' यांच्यामधली जागा अर्ध्या मिलिमीटरने कमी आहे म्हणून तिने यंत्रावरच्या कारागिराशी हुज्जत घातली होती, दोन तास काम अडवून धरलं होतं, आणि तो वैतागून म्हणाला होता, "भिंगबाई, मांजरं वाचत नाहीत हो." जागा सुधारली गेली. आतल्या वाटाण्याच्या प्रथिनांबद्दल तिने अवाक्षर काढलं नव्हतं, कारण ते मूळ प्रतीशी जुळत होतं. स्वतःच्याच सहीने आपण फसलो, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. उघडलेली पिशवी तिने कचऱ्यात नेऊन टाकली, पण सवलत होती म्हणून तिने दोन घेतल्या होत्या, त्यातली न फोडलेली तेवढी बदलून घ्यावी म्हणून कपाटात राहिली.

त्यानंतर डबे आले. सगळ्यात खालच्या फळीवर, धूळ बसलेले, चित्र नाही, रंग नाही, साधे कोंबडीच्या मांसाचे डबे, निम्म्या किमतीत. प्रथिनं फक्त अकरा टक्के. दुसरं कुणी असतं तर अकरा वाचून पुढे गेलं असतं, पण तिने ओलावा वाचला: अठ्ठ्याहत्तर. म्हणजे शंभरात बावीसच भाग खरे, आणि त्या बाविसात अकरा प्रथिनं. निम्मी! छत्तीसवाली ती पिशवी पाण्याचा भाग काढला तर चाळिशीच्या आसपास येऊन बसत होती. घटकांच्या यादीत कोंबडी, काळीज, पाणी, क्षार आणि जीवनसत्त्वं, बस्स. शिवाय 'पूरक' नव्हे तर 'संपूर्ण आहार' असं बारीक अक्षरांत छापलेलं. असा आनंद तिला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. ती वीस डबे घेऊन रिक्षाने घरी आली आणि बाबांना सगळी वजाबाकी-भागाकार समजावून सांगितली. बाबा ऐकत होते, मावशीच्या मानेखाली खाजवत होते. "हुशार आहेस तू," ते म्हणाले. "कागदावरचं तुझ्या नजरेतून काही सुटत नाही." आणि तरी तिसऱ्या रविवारी पाच पूर्णांक आठ, आज पाच पूर्णांक नऊ. म्हणजे दोष डब्यात नव्हता. म्हणजे मावशी दुसरीकडे कुठेतरी खात होती. म्हणजे कुणीतरी तिला घालत होतं.

कपही न विसळता ती समोरच्या दारावर गेली. समोरच्या काकू एकट्या राहायच्या, दार उघडं टाकून रेडिओ ऐकायच्या, आणि मावशी दुपारी त्यांच्या पायपुसण्यावर लोळताना तिने दोनदा पाहिली होती. "काकू, राग मानू नका, पण तुम्ही आमच्या मांजराला काही खायला घालता का?" काकूंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "अगं मी? मला तिच्या केसांनी शिंका येतात, मी कशाला लाड करीन तिचे! तुझ्या बाबांना मात्र सूप देते हं. बुधवारी स्वतः आले होते, म्हणाले, पातळ काही असेल तर द्या. मला बरंच वाटलं, एकटीसाठी करायचं म्हणजे कंटाळाच. भांडं परत येतं तेही अगदी लख्ख." तिच्या डोक्यात लगेच सगळं जुळलं. सूप दाटसर करायला पीठ घालतात. लख्ख भांडं बाबा कधी करत नाहीत, ते काम खरखरीत जिभेचं. बुधवारी ती छापखान्यात असताना, घर रिकामं असताना, हा उद्योग! ती 'येते' म्हणायचंही विसरली. जिन्याच्या त्या चार हातांच्या जागेतून परत येताना तिला एकेक गोष्ट आठवत गेली, नमुना वाचताना एक चूक सापडली की तिच्या मागची सगळी रांग दिसू लागते तशी. बाबा हल्ली संध्याकाळी ती यायच्या आधीच जेवून घेतात. 'मी जेवलो, तू बस' म्हणतात. रविवारीसुद्धा ताट घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत जातात, तिच्याकडे पाठ करून. पावाचा पुडा पूर्वी चार दिवस पुरायचा, आजही चारच दिवस पुरतो, मग ते खातात किती आणि मांजर किती?

बाबा खिडकीपाशी शिलाई यंत्राच्या शेजारी बसले होते. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस, निवृत्त झाला तरी यंत्र झाकून ठेवत नसे. गेल्या आठवड्यात दोन-तीनदा ती कामावरून आली तेव्हा यंत्र चालू होतं आणि तिला बघून थांबलं होतं. मावशीसाठी गादी शिवत असतील म्हणून तिने चौकशी केली नव्हती. आता मावशी त्यांच्या मांडीवर होती आणि करड्या कापडाची एक चिंधी चावत होती. तिने आधी ती चिंधी हिसकावली. "दोरा पोटात गेला तर आतडी कापली जातील तिची!" चिंधी खिशात कोंबून ती समोर उभी राहिली. "बाबा, खरं सांगा. तुम्ही हिला पाव घालता."

"घालतो," बाबा म्हणाले.

उलटतपासणीची तयारी करून आलेल्या तिला हे असं सरळ उत्तर तोंडात मारल्यासारखं लागलं. "सूपसुद्धा?"

"थोडं. उरलेलं."

"आणि भात?"

"पाव, भात, जे ताटात राहील ते. टाकून द्यायचं जिवावर येतं गं."

"जिवावर येतं! तिच्याच जिवावर उठलायत तुम्ही, कळतंय का? महिनाभर मी डोळ्यांत तेल घालून लेबलं वाचतेय, दुकानदाराची बोलणी खातेय, काकूंच्या दारात जाऊन तमाशा करून आले, आणि तुम्ही इथे बसून! उद्या साखर वाढलेली निघाली तर सुई कोण टोचणार? तुम्ही?" बाबांनी मावशीचा कान दोन बोटांत धरून हळूच दुमडला आणि सोडला. "चुकलं," ते म्हणाले. "आता नाही घालणार." आणि मग, खिडकीबाहेर बघत, "पण मग त्या ताटाचं काय करायचं, ते तूच सांग."

तिने ते ऐकलं, पण वाचलं नाही. छडा लागला होता. आईच्या वेळी असंच झालं होतं, हे तिला त्या क्षणी आठवायला हवं होतं, पण आठवलं नाही, ते आठवलं स्वयंपाकघरात वही उघडल्यावर. आईच्या तपासणीच्या कागदावर वय चुकीचं पडलं होतं, त्रेसष्टच्या जागी छत्तीस. ती तो कागद घेऊन प्रयोगशाळेत गेली होती, कारकुनाशी भांडली होती, सगळा दिवस घालवून शुद्ध प्रत मिळवली होती, विजयी होऊन घरी आली होती, आणि बाबा दारातच म्हणाले होते, "वय राहू दे, खाली काय लिहिलंय?" खाली जे लिहिलं होतं ते दोन्ही प्रतींत सारखंच होतं.

वहीत तिला 'कारण सापडलं: पाव' असं तारखेसह लिहायचं होतं. पेन उघडताना तिची नजर सवयीने पहिल्या रकान्यावरून गेली आणि अडली. सदुसष्ट आठ. सहासष्ट आठ. पासष्ट सहा. चौसष्ट दोन. बाबा आणि मावशी मिळून. मांजर दर आठवड्याला वाढत होतं आणि मांजरासकटचं वजन दर आठवड्याला घटत होतं. म्हणजे काटा खोटा! इतके दिवस ती सगळ्यांवर संशय घेत होती आणि ज्याच्यावर घ्यायचा तो स्नानघराच्या दाराशी निर्लज्जपणे पडून होता. तिला हसूच आलं. काटा जर खोटा, तर मावशीचं वजन वाढलंच नसेल, उद्याचं रक्त कदाचित ठीक निघेल, आणि बाबांवर आपण उगाच ओरडलो. काटा पकडायची रीत तिला माहीत होती. ती स्वतः त्यावर उभी राहिली: चोपन्न सहा. छापखान्यातल्या तपासणीत गेल्या महिन्यात हेच होतं, आणि गेली सहा वर्षं हेच होतं. मग तिने कपाटातली न फोडलेली तीन किलोची पिशवी, उडी मारणाऱ्या मांजराची, तिच्याच आद्याक्षरांची, कडेवर घेतली आणि पुन्हा उभी राहिली. सत्तावन्न सहा. तिने काटा दुसऱ्या फरशीवर सरकवला. सत्तावन्न सहा. पिशवी खाली ठेवली. चोपन्न सहा. काटा खरा होता. काहीतरी खरं निघालं याचं तिला आयुष्यात पहिल्यांदा भय वाटलं.

ती तिथेच फरशीवर बसली आणि वही मांडीवर घेतली. वर, पहिल्या पानावर, तिने स्वतःच्या वळणदार अक्षरात तीन मथळे लिहिले होते: 'बाबा व मावशी', 'बाबा', 'मावशी'. लाल गोल सगळे तिसऱ्या रकान्यात. मधला रकाना तिने फक्त वजा करण्यासाठी लिहिला होता. आता तिने तो, नवखी मुलं वाचतात तसं, आकड्याखाली बोट ठेवून वरून खाली वाचला. बासष्ट दोन. एकसष्ट एक. एकोणसाठ आठ. अठ्ठावन्न तीन. महिन्याच्या आत जवळजवळ चार किलो. तिने खिशातली करड्या कापडाची चिंधी बाहेर काढली. ही गादीची नव्हती. दुहेरी कापड, आत कडक अस्तर, एका टोकाला उसवलेल्या टाक्यांची भोकं. पँटच्या कमरेचा कापून काढलेला तुकडा होता तो, मागच्या शिवणीतून, चांगला तीन बोटं रुंद.

ती बाहेर आली. बाबा तसेच बसले होते, मावशी झोपली होती. करडी पँट त्यांच्या कमरेला कशी चपखल बसली होती! सुरकुती नाही, चुणी नाही, पट्टासुद्धा लागत नव्हता. असा कारागीर होता तो, की त्याचं अंग उतरलेलं त्याच्या कपड्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. पण सदऱ्याची कॉलर राहून गेली होती. तिच्यात आणि मानेत एक अख्खा हात मावला असता. ती त्यांच्या पायाशी बसली. तिला ओरडायचं होतं, रडायचं होतं, पण तोंडातून निघाला तो अगदी साधा प्रश्न.

"बाबा, घास कुठे अडतो?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी उजव्या हाताचं बोट सदऱ्यावर वरून खाली नेलं, माप घेताना न्यायचे तसं, आणि थांबवलं. "इथे. तिसऱ्या बटणापाशी. आधी पाव अडायचा. आता भातही."

"कधीपासून?"

"मावशीचा डबा-बिबा सुरू झाला त्याच्या आधीपासून. तुझी तेव्हा तिच्या रक्ताची गडबड होती."

"मला सांगितलं का नाहीत?"

"भीती वाटली गं. आईचं ते सगळं पुन्हा." बाबांनी हात मावशीच्या पाठीवर ठेवला, तिच्या श्वासाबरोबर तो वरखाली होत राहिला. "आणि दर रविवारी काट्यावर उभा राहत होतोच की तुझ्यासमोर. आकडा तू मोठ्यांदा वाचायचीस. मी वाट बघायचो. म्हटलं, आज कळेल हिला."